एक टेम्पो सांगितला की झालं म्हणे!

मराठी मध्यमवर्गीय माणूस कशाकशाचा हिशोब ठेवतो! दुधाची दांडी कॅलेंडरवर मांडतो, इस्त्रीवाल्याकडचे कपडे वहीत लिहितो, पेट्रोलपंपावर मान वाकडी करून शून्य बघून घेतो, सोसायटीच्या वार्षिक सभेत झाडू किती रुपयांना आणला यावर पाऊण तास बोलतो. हाच माणूस घर बदलायला निघाला की त्याच्या अंगात एकदम राजेपण संचारतं. "त्यात काय, एक टेम्पो सांगितला की झालं!" आणि सामान उतरल्यावर हाच राजा भर रस्त्यात, घामाने निथळणाऱ्या चार माणसांसमोर उभा राहून ओरडत असतो, "ही लूट आहे, लूट!"

या दोन वाक्यांचा मला आता वीट आला आहे. लग्नात, ऑफिसात, लोकलच्या डब्यात, कुठेही घर बदलल्याचा विषय निघू द्या, सांगणाऱ्याची कथा ठरलेली. इतक्याला ठरलं होतं, तितके मोजावे लागले, सगळे चोर. ऐकणारे माना डोलावतात, कारण प्रत्येकाकडे अशीच एक कथा तयार असते. "तुम्ही ठरवलं होतं म्हणजे नेमकं काय ठरवलं होतं?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर ते गैर दिसतं. दुःखात असलेल्या माणसाची उलटतपासणी करायची नसते ना!

तर आपण करू. यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. घर हलवण्याचा खर्च म्हणजे टेम्पोचं भाडं. ते फोनवर ठरतं. त्यावर हमाली, टोल, मजल्याचे पैसे, थांबण्याचे पैसे, चहापाणी असं जे कुणी मागेल ते नाडणं. टेम्पोवाला नाडतो, हमाल नाडतात, पॅकर्सवाला दरोडेखोर आणि सोसायटीचा सेक्रेटरी खंडणीखोर. या एवढ्या मोठ्या टोळीत सज्जन म्हणून एकटाच उरतो. कोण? तर निघण्याआधी कागदावर चार ओळी खरडण्याचेही कष्ट ज्याने घेतले नाहीत, तो.

'फोनवर ठरलं' ही या बाजूची सगळ्यात मोठी तोफ. तेव्हा तो फोनच ऐकू. माणूस डोंबिवलीहून पुण्याला, कोथरूडला चालला आहे.

"दादा, डोंबिवली ते कोथरूड किती घेशील?"

"सामान काय काय आहे, साहेब?"

"काही नाही रे विशेष. वन बीएचके. आम्ही दोघं आणि एक मुलगा."

संपलं. टेम्पोवाल्याने सामान विचारलं आणि यांनी रेशनकार्ड वाचून दाखवलं. तुम्ही दोघं आणि मुलगा यांना काय हौद्यात घालून न्यायचं आहे? मजला कितवा, लिफ्ट आहे का, टेम्पो दारापर्यंत येतो की गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, कपाट लाकडी की लोखंडी, पलंग सुटतो की अखंड आहे, तिकडे पोचल्यावर कितवा मजला, यातलं एक अक्षर न सांगता घासाघीस सुरू. दहाचे नऊ हजार केले की फोन ठेवायचा आणि बायकोकडे बघून म्हणायचं, "बघ, हजार वाचवले."

आणि मग माळा उघडतो. मराठी घरात किती सामान आहे हे दिवाणखान्यात उभं राहून कधीच कळत नाही, ते माळ्यावर असतं. टीव्ही विकून सहा वर्षं झाली, पण त्याचं खोकं जपून ठेवलेलं आहे. सासूबाईंचा तांब्याचा बंब आहे. मिक्सर आल्यापासून ज्याला कुणाचा हात लागला नाही तो पाटा आणि वरवंटा आहे. गणपतीचं मखर, त्याच्यासाठीच्या दिव्यांच्या माळांची वेगळी पिशवी, मुलाची पहिली तीन चाकांची सायकल, दोरीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, पाहुणे आले तर असाव्यात म्हणून दोन गाद्या, बारशाला आणलेली स्टीलची ताटं, लोखंडी ट्रंक आणि त्या ट्रंकेत काय आहे हे घरात कुणालाच आठवत नाही. बाल्कनीतल्या कुंड्या वेगळ्याच. 'त्या काय, हातात धरून बसेन' असं म्हटलेलं असतं. चौदा कुंड्या कुणाच्या हातात मावतात?

खाली टाटा एस उभा आहे, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. २००५ साली तो आला तो गल्लीबोळांतून माल पोचवायला. हौदा जेमतेम सात फुटांचा, वाहायची क्षमता साधारण पाऊण टन. त्यात साडेसहा फुटी लोखंडी कपाट आडवं घातलं की उरलेल्या जागेत फ्रिज आणि वॉशिंग मशीन कशीबशी उभी राहतात. अजून दिवाण वर आहे, गाद्या आहेत आणि माळ्यावरून उतरवलेला सगळा इतिहास जिन्यात मांडलेला आहे. अशा वेळी साहेब काय म्हणतात? "दादा, जरा दाबून बसव ना, एकाच खेपेत होईल!" मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि पुढे प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तो दंड साहेब भरणार आहेत का? छे, तो टेम्पोवाल्याचा प्रश्न. मग त्याने दुसरी खेप किंवा मोठी गाडी सांगितली की तो लबाड ठरतो. वजन लपवलं कुणी आणि लबाड कोण!

दुसरं गाऱ्हाणं हमालांचं. 'चार तासांच्या कामाला माणशी हजार? आमच्या इंजिनिअरला नसेल मिळत.' इंजिनिअरला कमी मिळत असेल तर त्याने त्याच्या कंपनीशी भांडावं. इथे काय चाललंय ते जरा जवळून बघू. जुन्या इमारतीचा जिना, वळणावर रुंदी अडीच-तीन फूट. कपाट खांद्यावर घेतलेले दोघं. खालचा माणूस उलटा उतरतोय, त्याला पायरी दिसत नाही, तो पायाच्या बोटांनी ती चाचपतो. वळणावर कपाट उभं करायचं, कठड्यावरून तिरकं काढायचं, भिंतीला घासू द्यायचं नाही, कारण घरमालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार आहे. वरून सूचना चालू आहेत, "सांभाळून हं, आरसा आहे त्याला!" आरसा काढून ठेवता आला असता, आतले कपडे काढता आले असते. पण 'कपडे आतच राहू देत, तेवढंच पॅकिंग वाचतं.' वाचतं कुणाचं आणि वाढतं कुणाच्या खांद्यावर?

या ओझ्याला भाव असतो. तो मजल्यावर ठरतो, जिन्यावर ठरतो, फाटकापासून दारापर्यंतच्या अंतरावर ठरतो. हे गुपित नाही, विचारलं की नाक्यावरचा कुणीही माणूस सांगतो. याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. पाठीवर माल वाहणाऱ्याला ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी मिळावं, मजुरी मालकाच्या मर्जीवर राहू नये यासाठी. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी उभं आयुष्य घातलं. आता लगेच कुणीतरी बोट वर करेल की गेटवर चौघं येऊन बसतात, सामानाला हातही लावत नाहीत आणि 'आमचे पैसे' म्हणून दरडावतात, त्याचं काय? ती खंडणी आहे, तिच्याविरुद्ध पोलिसांत जावं आणि मी त्यांची वकिली करणार नाही. पण न उचलता पैसे मागणाऱ्याच्या पापाची शिक्षा उचलणाऱ्याला कशासाठी? गेटवरच्या दांडगाईचं उदाहरण द्यायचं आणि जिन्यातल्या माणसाचे दोनशे कापायचे, हा युक्तिवाद मला तरी फार सोयीचा वाटतो.

तिसरं गाऱ्हाणं ऐकायला सगळ्यात तर्कशुद्ध. 'गाडी रिकामी परत जाते, तिचे पैसे मी का देऊ? टोल त्याचा, डिझेल त्याचं.' मी का देऊ? कारण तुम्ही त्याला पुण्याला नेलंत म्हणून! तो काही शनिवारवाडा बघायला निघाला नव्हता. द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून टेम्पोला एका फेरीचे ४९५ रुपये आणि दोन आसांच्या ट्रकला ६८५ रुपये टोल आहे. तो जाताना लागतो, तसाच येतानाही लागतो. परतीचा माल मिळाला तर टेम्पोवाला भाव कमी करतोही. पण तो मिळवायला मार्केट यार्डात किंवा एखाद्या एमआयडीसीत रात्र काढावी लागते, आणि तुमचं सामान उतरवण्यातच त्याची संध्याकाळ गेलेली असते. शिवाय गाडीचा हप्ता, फिटनेस, टायर. साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला १६,०४९ रुपये आहे, जीएसटी वेगळा. आपल्या स्कूटरच्या विम्याला कंपनीने शंभर रुपये वाढवले तर आठवडाभर कुरकुरणारा माणूस टेम्पोवाल्याला सांगतो, "तुमचं काय, डिझेल सोडलं तर खर्च काय आहे!"

मुंबईच्या वेशीवर २०२४ च्या ऑक्टोबरात हलक्या वाहनांचा टोल गेला तेव्हापासून तर 'आता कसला टोल?' हाही नवा प्रश्न आला आहे. माफी मोटारींना आणि तत्सम हलक्या गाड्यांना मिळाली, मोठा ट्रक आजही पैसे मोजूनच आत येतो. दक्षिण मुंबईत दिवसा अवजड गाडीला मज्जाव असतो, म्हणजे मोठी गाडी मागवलीत तर ती रात्री येणार आणि रात्रीचे हमाल दिवसाच्या दराने येणार नाहीत. हे विचारायला एक मिनिट लागतं. पण ते मिनिट आपण घासाघिशीत घालवलेलं असतं.

आता दुसरी जात. 'आम्ही टेम्पोच्या भानगडीत पडतच नाही, आम्ही पॅकर्स अँड मूव्हर्सना देतो, एकच आकडा, डोक्याला ताप नाही.' या मंडळींना आपण फार व्यवहारी आहोत असं वाटतं. ते पाच ठिकाणांहून भाव मागवतात. चौघं बावीस ते सव्वीस हजारांच्या मध्ये सांगतात, पाचवा अकरा हजार म्हणतो. मग हे कुणाला काम देतात? अर्थात पाचव्याला! चार माणसं एकाच रस्त्याचा, एकाच सामानाचा जवळजवळ सारखाच भाव सांगत असताना पाचवा निम्म्यात कसा नेणार, हा प्रश्न भाजी घेताना पडतो, घर देताना पडत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सामान गाडीत चढतं, गाडी निघते आणि फोन येतो की वजन जास्त भरलं, पॅकिंग जास्त लागलं, कर वेगळा, आधी एवढे पाठवा मग गाडी खाली करतो. हे गैरच आहे आणि असल्या माणसाला ग्राहक आयोगात खेचावं. पण त्या कोटेशनच्या कागदावर खाली बारीक अक्षरात 'कर, विमा, मजला आणि प्रतीक्षा आकार वेगळे' असं छापलेलं होतं आणि ते आपण वाचलं नव्हतं, ही गोष्ट कथेतून दर वेळी का गळते? अठरा टक्के जीएसटी धरला तर बावीस हजारांवर चार हजारांच्या जवळ जातो. हा काही रुपये-आण्यांचा मामला नाही.

विम्याची गंमत तर औरच. जाहीर केलेल्या किमतीच्या तीन टक्के वगैरे भरा म्हटलं की 'कशाला, जवळच तर जायचंय.' आणि न भरता फ्रिजला पोचा आला की 'नुकसानभरपाई द्या.' रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. तुम्ही मालाची जास्त किंमत सांगून जादा दराने जोखीम दिली नसेल, तर नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही पावतीवर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. दावा लावण्याआधी १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आता सांगा, तुमच्या पावतीवर किंमत किती लिहिली होती? 'घरगुती सामान, एक नग', असंच ना? पावतीच नव्हती? मग विम्याच्या नावाने भरले असतील तर ते पैसे विम्याचे भरले की नुसतेच भरले, हे तरी कसं कळणार? विमा कंपनीची पॉलिसी हातात आली तर तो विमा. नुसत्या बिलावरची एक ओळ असेल, तर तो त्या वाहतूकदाराच्या शब्दाचा भाव.

यावर काही जण विजयी मुद्रेने म्हणतात, 'म्हणूनच आम्ही मित्रांना बोलावतो. फुकटात होतं.' फुकटात! सहा मित्रांची रविवारची सुट्टी, एकाची लागलेली कंबर, दुपारची बिर्याणी, संध्याकाळचं जे काही असेल ते, कठड्याला आपटून फुटलेली काच, आणि पुढल्या दोन वर्षांत त्या सहा जणांची घरं हलवायला जाण्याचं न बोललेलं वचन. घरातल्या बाईची आठवडाभराची रजा तर यात कुणी मोजतच नाही. ती आधी चार रात्री जागून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळते, नंतर आठ दिवस खोक्यांतून कुकरची शिट्टी शोधते. हिशोबात तिचा आकडा शून्य. हे लोक पैसे वाचवत नाहीत, ते दुसऱ्याकडून घेतात आणि त्याला मैत्री आणि संसार अशी नावं देतात.

शिकल्यासवरल्यांचा आणखी एक मुद्दा असतो. 'अमेरिकेत बघा, ट्रक भाड्याने घ्या, स्वतः चालवा, भाव ट्रकवरच लिहिलेला. आपल्याकडेच सगळी बनवाबनवी.' हो, यू-हॉल कंपनीच्या ट्रकवर १९ डॉलर ९५ सेंटचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, हे खरं. त्यावर प्रत्येक मैलाचे पैसे वेगळे असतात, विमा वेगळा, कर वेगळा, आणि घेताना टाकीत जेवढं इंधन होतं तेवढं भरून गाडी परत द्यायची, हेही तितकंच खरं. न्यू जर्सीत घर बदलणारा मराठी माणूस हे सगळं फॉर्मवर वाचतो, रकान्यात भरतो आणि मुकाट्याने कार्ड पुढे करतो. तिकडे ज्याला 'चार्जेस' म्हणतात तेच इकडे घामेजल्या माणसाने तोंडाने मागितले की नाडणं होतं का?

आणि टेम्पो निघून गेल्यावर खर्च थांबतो असं कुणी सांगितलं? एसी काढणारा आला होता, बसवणारा वेगळा येईल. तो तांब्याचा पाइप कमी पडतो म्हणून फुटावर भाव सांगेल, गॅस उडाला म्हणेल आणि बरेचदा तो खरोखर उडालेला असतो, कारण काढताना घाई केलेली असते. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला वाहतुकीत हलू नये म्हणून बोल्ट लावायचे असतात. ते मशीन आलं त्या दिवशीच कुठेतरी ठेवले, आता सापडत नाहीत. गीझर, पाण्याचा फिल्टर, पंखे, पडद्यांच्या दांड्या, सुतार. पाइपचा गॅस असलेल्या घरातून सिलिंडरच्या घरात गेलात तर शेगडीचे जेट बदलायला माणूस हवा. नव्या सोसायटीचा नियम असा की सामान दहा ते पाच, रविवारी बंद, फक्त मागची लिफ्ट आणि शिफ्टिंगचे पैसे आधी. तुमचा टेम्पो साडेचारला पोचला. अर्ध्या तासात चौथा मजला कसा भरणार? मग गाडी रात्रभर उभी, तिचं थांबणं, ड्रायव्हरचं जेवण. यातलं काय अनपेक्षित आहे? सेक्रेटरीला आधी एक फोन केला असता तर हे कळलं असतं. भाड्याचा करार ११ महिन्यांचा असतो. म्हणजे ज्या माणसाला दर ११ किंवा २२ महिन्यांनी बिऱ्हाड उचलायचंच आहे, त्याला दर वेळी नव्याने धक्का बसतो!

मुहूर्ताचं मात्र सगळं व्यवस्थित. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यातला दिवस धरलेला, पितृपक्ष कटाक्षाने टाळलेला, गुरुजींची दक्षिणा पाकिटात, दूध उतू घालायचं पातेलं हाताशी, देवघरातले देव आधी मांडीवर घेऊन जायचे हेही ठरलेलं. छानच आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त त्या दिवशी अख्ख्या शहराला टेम्पो हवा असतो, म्हणून भाव चढतो, हेही पाकिटात धरायला काय हरकत आहे? एप्रिल-मेच्या सुट्ट्या आणि महिन्याची पहिली तारीख यांचंही तसंच. गुरुजी जे सांगतील ते मान्य, ड्रायव्हरने सांगितलं की संधिसाधूपणा.

चला, कागद घेऊ. डोंबिवलीतला दुसरा मजला, लिफ्ट नाही. कोथरूडचा चौथा मजला, लिफ्ट आहे. आकडे ढोबळ आहेत, गावागणिक आणि हंगामागणिक बदलतील. गाडीचं भाडं ९,०००. जाता-येता टोल ९९०. दोन्हीकडची भराई-उतराई मिळून ४,०००. खोकी, बबलरॅप, टेप, जुन्या चादरी कमी पडल्या तर गोणपाट, सगळं धरून २,०००. एसी काढणं, बसवणं, पाइप आणि गॅस ४,५००. सुताराचे १,२००. सोसायटीचे १,०००. थांबण्याचे ५००. माणसांचं जेवण आणि चहा ६००. झाले २३,७९०. विमा धरलेला नाही, जुन्या घरातली रंगाची कपात धरलेली नाही, दलाली आणि नवं डिपॉझिट तर वेगळाच विषय. जुनं डिपॉझिट परत यायच्या आधी नवं द्यावं लागतं, तेव्हा हे चोवीस हजार नेमके हात रिकामे असतानाच लागतात, आणि त्यातले बरेच रोख. नऊ हजारांचं काम चोवीस हजारांना पडलं, असं हा माणूस सांगत फिरणार. काम पहिल्यापासून चोवीस हजारांचंच होतं. त्याने त्यातली एकच ओळ वाचली होती.

शेवटचा आक्षेप मला जास्त ऐकू येतो आणि त्यात थोडं तथ्य असल्याचा भास होतो. 'असा हिशोब मांडत बसलं तर माणूस घरच बदलणार नाही. काही गोष्टी न मोजलेल्याच बऱ्या.' सपशेल उलटं आहे. चोवीस हजारांचा कागद समोर आला की माणूस पहिल्यांदा डोळे उघडून घराकडे बघतो. हा सोफा जुन्या बाजारात तीन हजारांना जाईल, आणि न्यायला त्याच्यामुळे चौदा फुटी गाडी लागते आहे. मग तो इथेच विकावा. दिवाळी अंकांचे गठ्ठे वाचनालयाला द्यावेत, दोन गाद्या कामवाल्या मावशींना हव्या असतील तर विचारावं, टीव्हीचं खोकं रद्दीत घालावं. एक तारखेऐवजी बारा तारखेचा मंगळवार धरावा, घरमालकाला अर्ध्या महिन्याचं भाडं देऊनही कदाचित परवडेल, मांडून बघावं. कपाटातले कपडे चादरीत बांधावेत, म्हणजे ते कपाट चौघांऐवजी दोघं उचलतील. पैसे इथे वाचतात. न मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्याकडे वाचवण्यासाठी एकच जागा उरते, जिन्यात उभ्या असलेल्या माणसाची मजुरी. म्हणून तो तिथे भांडतो आणि नेमका तिथेच हरतो, कारण सामान अर्धं वर आणि अर्धं रस्त्यावर असताना भाव करायची ताकद कुणाकडे असते हे शेंबडं पोरही सांगेल.

टेम्पोवाले सगळे संत आहेत असं मी म्हणणार नाही. वाढीव किलोमीटर सांगणारा, मुद्दाम उशीर करणारा, नोटा मोजताना चेहरा पाडणारा मीही पाहिला आहे. पण त्याला पकडायचं तर हातात कागद हवा. सामानाची यादी त्याला आधी पाठवलेली असेल, मजले, लिफ्ट, टोल, थांबायचे तास आणि माणसांची संख्या लिहून त्याचं 'हो' घेतलेलं असेल, तर तो पाचशे जास्त मागताना दहा वेळा विचार करतो. 'वन बीएचके, आम्ही दोघं आणि एक मुलगा' असं सांगणाऱ्यापुढे कशाला करेल?

तेव्हा फोन लावण्याआधी स्टूल घ्या, माळ्यावर चढा आणि वर काय आहे ते बघून या. जिन्याचं वळण टेपने मोजा, दोन्हीकडच्या सेक्रेटरींना विचारा, सगळी यादी टेम्पोवाल्याला पाठवा आणि मग त्याला भाव विचारा. हे करायचं नसेल तर नका करू, पैसे तुमचे आहेत. पण मग तुमचं कपाट पाठीवर घेऊन जिन्याच्या वळणावर अडकलेल्या माणसाला खालून 'लुटारू' म्हणू नका. त्याला उत्तर देता येत नाही असं नाही. त्याचे दोन्ही हात तुमच्या कपाटाला लागलेले आहेत, म्हणून तो ऐकून घेतोय.